विक्री थंडावली तरी हप्ता थांबत नाही

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या बांधकाम व्यावसायिकांकडून जे प्रश्न येतात, ते शब्द बदलून तेच असतात. सहा डुप्लेक्स तयार आहेत, दोनच गेले. भाव उतरवू का? स्लॅबपर्यंत आलेली स्कीम थांबवली तर चालेल का? शेजारची जागा स्वस्तात मिळते आहे, सौदा करून टाकू का? विचारणारे बहुतेक जण मोठे बिल्डर नसतात. कोणी मिस्त्रीकाम करता करता ठेकेदार झालेला, कोणी सिव्हिल डिप्लोमा करून भावाच्या मदतीनं वर्षाला चार-सहा घरं उभी करणारा. हा लेख तुमच्यासाठी आहे.

आपल्याकडची मंदी मुंबई-पुण्यासारखी येत नाही. इथे घर घेणारा म्हणजे कापूस-सोयाबीनच्या चुकाऱ्यावर बयाणा देणारा कास्तकार, झेडपीचा शिक्षक, सेवाग्राम-सावंगीच्या दवाखान्यातला कर्मचारी, पुलगावच्या दारूगोळा भांडारातला कामगार. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, पुढे तो सात हजारांच्या आसपास आला. क्विंटलमागे तीन हजार कमी मिळाले की घर पुढच्या वर्षावर जातं. मुलीचं लग्न आणि कर्जाची परतफेड आधी होते. तुमचा ग्राहक नाहीसा झालेला नसतो, तो थांबलेला असतो. तो परत येईपर्यंत तुमचा धंदा टिकला पाहिजे.

एक गोष्ट ठासून सांगतो. घर विकलं गेलं नाही एवढ्यामुळे छोटा बिल्डर क्वचितच बुडतो. पहिल्या साइटचा पैसा दुसऱ्या साइटच्या जमिनीत घातला, म्हणून तो बुडतो.

आधी साइटवार हिशेब मांडा

एकूण नफा-तोटा बाजूला ठेवा. प्रत्येक साइटसाठी वहीचं एक पान घ्या आणि एवढंच लिहा:

- काम पूर्ण करून भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत अजून किती रुपये लागतील.
- बुकिंग झालेल्या पार्ट्यांकडून किती येणं आहे आणि ते कोणत्या टप्प्यावर मिळेल.
- त्या साइटवर दरमहा व्याज किती जातं. बँकेचं वेगळं, खाजगी वेगळं.
- सिमेंट-लोखंडाच्या दुकानाची, वीटभट्टीची, सेंट्रिंगवाल्याची उधारी किती.

नंतर एक आकडा काढा: एक रुपयाही आत आला नाही, तर किती महिने निभेल? सहा महिन्यांच्या आत उत्तर आलं तर नवीन काही सुरू करू नका.

आता भावाचा प्रश्न. समजा, एका तयार डुप्लेक्समध्ये तुमचे २५ लाख अडकले आहेत आणि व्याज १२ टक्के आहे. महिन्याला २५ हजार रुपये जातात. तुम्ही ३२ लाख मागता, पार्टी ३०.५ वर अडली आहे. दीड लाखासाठी तुम्ही थांबता, म्हणजे सहा महिन्यांत ३२ लाखांचा ग्राहक नक्की येईल अशी पैज लावता. सातव्या महिन्यापासून तो आला तरी तोटाच. वर्ध्यातल्या एका व्यावसायिकाला मी हा हिशेब त्यांच्याच बिलबुकाच्या मागच्या बाजूवर मांडून दाखवला होता. तोवर चौदा महिने झाले होते, आणि ज्या फरकासाठी ते अडून बसले होते त्याच्या दुप्पट व्याज भरून झालं होतं.

भाव उतरवण्याआधी रेडी रेकनर पाहा

इथे अनेक जण फसतात. सरकारी मूल्यांकनापेक्षा विक्रीचा भाव फार खाली गेला, तर आयकर खातं विक्री मूल्यांकनाच्या भावानं झाली असं धरतं. सूट आहे ती १० टक्क्यांची, पण हे १० टक्के तुमच्या विक्री किमतीवर मोजतात. मूल्यांकन ३० लाख असेल तर २७ लाख रुपये चालतील असं वाटतं, आणि तिथेच चूक होते. २७ लाखांचे १० टक्के २ लाख ७० हजार, फरक मात्र ३ लाख. विक्री किमान २७ लाख २७ हजार २७३ रुपयांना व्हायला हवी. त्याखाली गेलात तर न मिळालेल्या पैशावर तुम्हाला कर, आणि ३ लाखांचा फरक घेणाऱ्याच्याही उत्पन्नात.

म्हणून भाव फार पाडण्यापेक्षा हे करून पाहा:

- मुद्रांक शुल्क किंवा नोंदणी फी तुम्ही भरा. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या घरावर हे ३० हजार होतात. ग्राहकाला स्वतःहून सांगा. पुष्कळांना माहीत नसतं.
- बोअरवेल, कंपाउंड, किचनचा ओटा, वरच्या मजल्याचा जिना अशा कामाच्या वस्तू किमतीत द्या.
- भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी लागत नाही. त्याआधी ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या घरावर १ टक्का, बाकीच्यांवर ५ टक्के लागतो. अर्धवट घरापेक्षा पूर्ण घर ग्राहकाला इथेही स्वस्त पडतं.

बयाणा रोखीत घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो.

थांबायचंच असेल तर कुठे थांबायचं

काम बंद ठेवणं लाजिरवाणं नाही. चुकीच्या टप्प्यावर बंद ठेवणं महाग पडतं. आपल्याकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. पायव्याचे खड्डे उघडे ठेवून पावसाळ्यात काम सोडलं, की कडा ढासळतात, तळ चिखल होतो आणि दिवाळीनंतर तेच खोदकाम दुसऱ्यांदा करावं लागतं. थांबण्याच्या जागा दोन: जोता भरून झाल्यावर, किंवा स्लॅब टाकून त्याची तराई पूर्ण झाल्यावर. खड्ड्यात, अर्ध्या कॉलमवर किंवा वीटकाम अर्ध्या भिंतीवर असताना थांबू नका.

बंद करताना:

- वर आलेल्या सळाखींना सिमेंटच्या दाट पाण्याचा हात मारा आणि प्लास्टिक गुंडाळा. दोन पावसाळे उघडी राहिलेली सळाख पापुद्रे सोडते.
- उरलेलं सिमेंट लगेच दुसऱ्या कामावर हलवा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय कॉलम-स्लॅबला वापरू नका.
- मीटर, मोटार, सेंट्रिंगच्या प्लेटा साइटवर ठेवू नका. प्लेटा भाड्याच्या असतील तर परत करून पावती घ्या. न वापरलेल्या प्लेटांचं भाडं चढलेलं मी पाहिलं आहे.
- प्रत्येक कॉलम-बीमचे फोटो तारखेसह काढा. बँकेला आणि पुढच्या इंजिनिअरला ते लागतील.

एकापेक्षा जास्त साइट चालू असतील तर सगळ्यांवर थोडं थोडं काम करू नका. जिच्यात बुकिंग जास्त आणि पूर्णत्वाचा खर्च कमी, ती आधी संपवा. बाकीच्या रीतसर बंद ठेवा. हे करताना मन खातं, कारण बंद साइट रस्त्यावरून दिसते आणि गाव बोलतं. तरीही हेच करा.

खर्च कुठे कापू नये

लोखंड आणि सिमेंटमध्ये हात आखडू नका. रेरा लागू असलेल्या प्रकल्पात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी तुमची असते आणि ग्राहकानं कळवल्यावर ३० दिवसांत ते विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. रात्रीची रेतीही नको. रॉयल्टीशिवाय आलेल्या रेतीवर बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि गाडी जप्त होते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या अंदाजपत्रकात तो बदल करून घ्या आणि ग्राहकालाही दाखवा, विश्वास बसतो.

रेरा: तुमची बंधनं आणि तुमचे हक्क

"आमची स्कीम छोटी आहे, आम्हाला रेरा लागत नाही," असं बरेच जण सांगतात. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सगळे टप्पे धरून घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची गरज नाही. 'सगळे टप्पे धरून' हे नीट वाचा. एकाच जागेवर आज सहा आणि पुढच्या वर्षी सहा, असे तुकडे करून सुटका होत नाही. प्लॉटच्या लेआऊटलाही कायदा लागू आहे. नोंदणी न करता विक्री केली तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आहे.

नोंदणी झालेली असेल तर मंदीत या चार गोष्टी सांभाळा:

- ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातच राहिले पाहिजेत. ते जमीन आणि बांधकामावरच खर्च करायचे. दुसऱ्या साइटचा हप्ता त्यातून भरणं हा कायद्याचा भंग आहे.
- नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.
- करारनामा झालेलं घर नंतर गहाण टाकता येत नाही. पैशाची ओढ असते तेव्हा हाच मोह होतो.
- ताब्याला उशीर झाला आणि ग्राहक थांबला, तर त्याला व्याज द्यावं लागतं. दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरापेक्षा २ टक्के जास्त असतो.

मुदतवाढ मागता येते. पूर, दुष्काळ, आग यांसारखी आपत्ती असेल तर त्या काळाची, आणि इतर रास्त कारणासाठी एकूण एक वर्षापर्यंत. 'घरं विकली जात नाहीत' ही आपत्ती धरली जात नाही. म्हणून अर्ज मुदत संपण्याआधी आणि कारणांच्या पुराव्यांसह करा. प्रकल्पात एकही बुकिंग नसेल तर नोंदणी रद्द करून घेण्याची सोय महारेरानं २०२३ मध्ये दिली आहे. अडून बसण्यापेक्षा ती वाट बरी.

हक्क तुमचेही आहेत. टप्पा पूर्ण होऊनही ग्राहक हप्ता देत नसेल तर त्याच दरानं व्याज मागता येतं. करारनाम्यातल्या अटींप्रमाणे लेखी नोटीस देऊन करार रद्दही करता येतो. मात्र नोटीस न देता घर दुसऱ्याला विकलंत, तर बाजू तुमची खरी असूनही हराल.

बँकेकडे तुम्ही आधी जा

हप्ता ९० दिवस थकला की खातं थकीत कर्जांत जातं. त्यानंतर बँक गहाण मालमत्तेवर कारवाईसाठी ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हं दिसताच शाखेत जा. उद्यम नोंदणी असलेल्या व्यवसायांच्या २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी २०१५ पासून पुनरुज्जीवनाची चौकट आहे, आणि खातं थकीत होण्याआधी कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. तोंडी बोलणं पुरत नाही. साइटवार पानं, फोटो, बुकिंगची यादी जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोटीस आलीच तर तिच्यावर लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोटीस कपाटात टाकून बसू नका.

खाजगी पैसा आणि पुढच्या तारखेचे चेक

बँकेनं हात आखडला की ओळखीच्या दहा-वीस जणांकडून 'दोन टक्क्यानं' पैसे घेतले जातात. नातेवाइकांपलीकडच्या लोकांकडून व्याजाचं आमिष दाखवून ठेवी घेणं हा १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार संरक्षण कायद्याखाली आणि २०१९ च्या केंद्रीय कायद्याखाली फौजदारी गुन्हा ठरू शकतो. पुण्यातले नामवंत बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये अटक झाली, ती ठेवीदारांच्या तक्रारींवरून. चाळीस लाखांच्या धंद्यालाही कायदा तोच आहे.

सिमेंटच्या दुकानदाराला पुढच्या तारखेचा कोरा चेक देऊ नका. चेक परतला तर तो ३० दिवसांत नोटीस देईल, तुम्हाला १५ दिवस मिळतील, आणि मग खटला उभा राहील. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. देता येणार नसेल तर दुकानात जाऊन बसा आणि हप्ते बांधून घ्या. वर्ध्याच्या बाजारात वर्षानुवर्षं माल देणारा दुकानदार तोंड दाखवणाऱ्याला सवलत देतो, फोन न उचलणाऱ्याला देत नाही. वीटभट्टीसारखा उत्पादक उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर ४५ दिवसांनंतर चक्रवाढ व्याज मागण्याचा त्याला हक्क आहे, हेही लक्षात ठेवा.

थांबलेल्या काळात कोणतं काम घ्यावं

जमीन न अडकवणारं काम. याला पहिला क्रमांक मी वरचा मजला चढवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामांना देतो. नवीन घर पुढे ढकलणारा माणूस गळकी स्लॅब पुढे ढकलू शकत नाही. अशा कामात:

- ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा. जोता, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी अशा टप्प्यांवर पैसे ठरवा आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे तो सुरू होण्याआधी घ्या.
- वाढीव कामाचा दर आधीच लिहा. भांडणं तिथेच होतात.
- एकट्या घराचा केवळ मजुरीचा ठेका असेल, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे.

घरकुलांचं काम भरपूर दिसतं, पण नियम समजून घ्या. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत मूळ अनुदान १ लाख २० हजार असून ते लाभार्थ्याच्या खात्यात टप्प्याटप्प्यानं येतं. बांधकाम लाभार्थ्यानं स्वतः करायचं, ठेकेदार नेमायचा नाही, अशी योजनेची सूचना आहे. त्यामुळे पन्नास घरकुलांचा ठेका घेण्याच्या भानगडीत पडू नका. तुमचे मिस्त्री तिथे मजुरीनं काम करू शकतात, तुमची विटांची ओळख कामी येऊ शकते.

शहरी आवास योजना २.० तुमच्या ग्राहकासाठी उपयोगाची आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्कं घर नाही, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान, एकूण कमाल १ लाख ८० हजार. पण पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी इथल्या घरांबाबत ग्राहकाला शब्द देण्याआधी हद्दीचा प्रश्न बँकेकडून लेखी सोडवून घ्या. ग्रामपंचायतीच्या नुसत्या ना-हरकतीवर बांधलेल्या घराला कर्ज देताना बँका अडतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

सावंगी-सेवाग्राम भागात तयार फ्लॅट विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना भाड्यानं देता येतो. गहाण असेल तर आधी बँकेची संमती घ्या. अकरा महिन्यांचा करारही नोंदणीकृत करा, ती जबाबदारी मालकाची आहे.

सरकारी कामांकडे मात्र जपून वळा. २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदारांना थकीत बिलांसाठी आंदोलनं करावी लागली. बिल सहा महिने लांबलं तरी चालेल एवढं स्वतःचं भांडवल असेल तरच निविदा भरा.

स्वस्त जमिनीचा मोह

समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, वर्धा-कळंब रेल्वे २८ फेब्रुवारी २०२४ ला. त्या भरवशावर येळाकेळी, विरूळ, देवळीच्या बाजूला घेतलेले प्लॉट पडून असतील, तर विकायचं पहिलं तेच काढा, थोड्या तोट्यानं का होईना. रस्त्यामुळे जमिनीचा मागता भाव वाढतो, घर घेणाऱ्यांची संख्या त्या वेगानं वाढत नाही.

नवीन सौदा करायचाच असेल तर जुन्या फेरफारांपर्यंत जा. हा विनोबांच्या पवनारचा जिल्हा आहे. सातबाऱ्यावर भूदानाची नोंद असलेली जमीन विकता येत नाही. भोगवटादार वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय चालत नाही. शहरात नझूलचा पट्टा असेल तर त्याची मुदत आणि अटी तपासा. मोजणी झाल्याशिवाय बयाणा नको.

मिस्त्री आणि रेजा

काम कमी झालं की पहिली कुऱ्हाड यांच्यावर पडते. सगळ्यांना ठेवणं तुम्हाला जमणार नाही. पण दोन-तीन जुने मिस्त्री दुरुस्तीच्या कामांवर धरून ठेवा. काम सुरू होईल तेव्हा त्यांच्याशिवाय स्लॅब पडणार नाही. जाणाऱ्यांची मजुरी त्याच आठवड्यात चुकती करा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला प्रत्येकाला द्या. त्यावर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते आणि मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मदतीपर्यंतच्या योजना खुल्या होतात. या दाखल्याला तुमचा एक रुपयाही लागत नाही, तरी बहुतेक साइटवर तो दिला जात नाही.

आणि शेवटची विनंती. कर्जाचा खरा आकडा घरात बायकोला, भावाला, मोठ्या मुलाला सांगा. या जिल्ह्यानं कर्ज मनात ठेवून गेलेली माणसं फार पाहिली आहेत. झोप उडाली असेल, मनात नको ते विचार येत असतील, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.